चालू यंत्राला हार

वहिनी,

तुमच्या संगणकाला मी हार घातला. झेंडूचा, ओला, चांगला हातभर लांब. स्टेजवर, माईकसमोर, फोटोवाला "काकाजी, जरा इकडे बघा" म्हणाला तेव्हा इकडे बघत. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं सांगताना मला याच गोष्टीची लाज वाटत राहणार आहे. आणि ती का वाटते हे ज्यांना न सांगता कळलं असतं अशा तुम्ही एकट्याच होतात.

बाकी कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. टेबलावर डावीकडे तुमचा फोटो, उजवीकडे तुमचा संगणक, दोघांना सारखेच हार, दोघांपुढे एकेक उदबत्ती. हॉल भरलेला. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष भैय्यासाहेब बोलत होते: "मॅडम म्हणजे आपल्या बुरहानपूरची शान. आणि ही मशीन म्हणजे मॅडमची शान." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लक्षात आल्यावर मधेच थांबवल्या. एरवी अशा वेळी मी तुमच्याकडे बघितलं असतं. सवयीने बघितलंही. तुम्ही फोटोत होतात आणि समोर बघत होतात.

आपण दोघांनी या गावातले किती सत्कार आणि उद्घाटनं मागच्या रांगेत बसून सोलून काढली आहेत. तुम्हाला ऐकू कमी येऊ लागल्यापासून तर मजाच झाली, कारण तुमची कुजबुज चार रांगा पुढेपर्यंत जायची. "भाऊजी, हे कधी थांबणार?" असं तुम्ही हळूच विचारलंत आणि वक्ता खरंच थांबला, तो प्रसंग बुधवारा मोहल्ल्यात अजून सांगतात. तुम्हाला मिळालेल्या सत्काराच्या शाली तुम्ही संगणकावर पांघरायचात. "धूळ बसत नाही," म्हणायचात, "आणि शालीचाही जन्म सार्थकी लागतो." धुतलेली एक, अंगावरची एक, अशा पाळीपाळीने.

याच संगणकाची शाळेतली पहिली वर्षं मला आठवतात. सरकारी योजनेतून तो आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, आणि दाराबाहेर चपलांची रांग. चपला धुळीमुळे काढायच्या होत्या, पण लोकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. एका पालकाने आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला होता. तुम्ही वर्गात सांगायचात, "पोरांनो, हा देव नाही. देव चुकत नाही म्हणतात. हा चुकतो, आणि चुकलं की कुठे चुकलं ते सांगतो." नंतर नवे संगणक आले, हा मागच्या खोलीत मोडक्या बाकांखाली गेला, आणि तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी भंगारात निघाला. तुम्ही रीतसर अर्ज करून तो मागून घेतलात आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणलात. दादा तेव्हा होता. तो म्हणाला, "मला वाटलं आता तरी घरी एकटी येशील." त्या दिवशी शाळेत कोणालाही तो वारसा वगैरे वाटला नव्हता.

घरी त्याला तुम्ही एकच नियम लावलात. खंडेनवमीला शिवणयंत्र, विळी, दादाचे पाने-पक्कड यांच्या रांगेत तो असायचा. इतर अवजारांची पूजा झाली की त्यांना त्या दिवशी सुट्टी. याला मात्र तुम्ही चालू करून मग पूजा करायचात, आणि वाहायचात ते एक फूल, तेही त्याचा पडदा म्हणून जोडलेल्या टीव्हीवर. मी एकदा उत्साहाने हार आणला होता. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेऊन दाराला बांधलात. "हार फोटोला घालतात, भाऊजी. चालतंय त्याला नाही."

हे मला पाठ होतं, वहिनी. लाज आहे ती याची.

दादा गेल्यावर मिलिंदने पुण्याहून येऊन घरात वायफाय बसवून दिलं, नातीचं तोंड दिसावं म्हणून. नातीचं तोंड तुम्ही मोबाईलवर बघितलंत आणि उरलेल्या वायफायचं काय करता येईल या विचाराला लागलात. एका दुपारी मी चहाला आलो तर म्हणालात,

"भाऊजी, याला नेटवर घ्यायचाय."

"कोणाला?"

तुम्ही शालीकडे बोट दाखवलंत.

"वहिनी, तो जन्मला तेव्हा नेट नव्हतं."

"मी जन्मले तेव्हा तुम्ही नव्हतात. तुमच्याशी बोलतेच ना?"

मग कुरिअरने ती पाटी आली, बिस्किटाएवढी. तिचं काम तुम्ही मला इतक्यांदा समजावलंत की मी आता कोणालाही सांगू शकेन. एका बाजूने ती घरातल्या वायफायशी बोलते, दुसऱ्या बाजूने एका केबलवरून जुन्या संगणकाशी. आणि संगणकाला सांगते की मी टेलिफोनचा मोडेम आहे. कारण याच्या तरुणपणी संगणक फोनच्या तारेवरून एकमेकांना गाठत, आणि याला तेवढंच माहीत. त्याने आपल्या जुन्या पद्धतीने फोन लावायची आज्ञा द्यायची, पाटीने ती घेऊन वायफायवरून भलत्याच वाटेने जायचं, आणि परत येऊन सांगायचं की फोन लागला. घरातला फोन तर तुम्ही केव्हाच काढून टाकला होता. त्याच्या जागी तुळशीच्या बिया वाळत असायच्या.

आधी टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम चढवायचा. ती किर्र किर्र चालू झाली की तुम्ही कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवायचात आणि चहा टाकायला जायचात. मी ते किरकिरणं ऐकत बसायचो. पहिल्या दिवशी पाटी जोडली आणि पडद्यावर नुसता कचरा आला. चौकटी, प्रश्नचिन्हं, अर्धवट अक्षरं.

"हे तर भैय्यासाहेबांचं भाषण लागलं," मी म्हणालो.

तुम्ही हसला नाहीत. पडद्याकडे बघत राहिलात. केबल उलटसुलट करून झाली, पाटी बंद-चालू करून झाली, आणि त्या दुपारी काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दारात असतानाच तुम्ही म्हणालात, "याला ऐकू येतंय हो. पाटी भरभर बोलतेय, म्हणून सुटं होत नाही. माझ्यासारखंच." तुमच्याशी बोलताना अख्खं गाव ओरडायचं, आणि तुम्ही प्रत्येकाला तेच सांगायचात: ओरडू नका, सावकाश बोला. मग तुम्ही पाटीचा वेग कमी केलात, आणखी कमी केलात, पार त्या म्हाताऱ्याला झेपेल इतका. संगणकावर 'एटी' ही मोडेमला हाक मारायची दोन अक्षरं टाइप केलीत. खाली, जरा विचार केल्यासारखं थांबून, 'ओके' उमटलं.

"बघा," तुम्ही म्हणालात. "कोणी सावकाश बोललं की कळतं."

त्या 'ओके'वर मी एक वाद काढला. तो शेवटपर्यंत संपला नाही. माझं म्हणणं असं, की तुमचा संगणक नेटवर गेलाच नाही. नेटवर आहे ती पाटी. सगळी धावपळ ती करते, हा नुसता खुर्चीत बसून तोंड हलवतो. "अध्यक्षासारखा," मी म्हणालो, आणि माझ्या वाक्यावर मीच खूश झालो. त्याला आपण फसवतोय, वहिनी. त्याला वाटतं फोन लागला. फोनच नाही. पलीकडे कोण आहे, कुठे आहे, आहे की नाही, याला काय माहीत? हे सगळं खोटं आहे.

तुम्ही कानातलं श्रवणयंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलंत.

"मग तुमचं बोलणं मी ऐकते का हे ऐकतं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. तुम्हाला ते ऐकू आलं नाही, कारण यंत्र माझ्या हातात होतं. तुम्ही छान हसलात. नंतर दर आठवड्याला मी नवं उत्तर शोधून यायचो आणि तुम्ही नुसता हात पुढे करायचात, श्रवणयंत्र काढायला निघाल्यासारखा. मी गप्प व्हायचो. पण हरलो असं मी कधी म्हटलं नाही. निवृत्त प्राध्यापकाला ते वाक्य तोंडाने म्हणता येत नाही.

आणि पीटर. जुन्या संगणकांचं वेड असलेल्या लोकांनी चालवलेल्या नेटवरच्या एका निरोप-फलकावर तुम्हाला तो भेटला, समुद्राकाठच्या कुठल्याशा थंड गावातला. त्याच्याकडे अगदी असाच संगणक होता. दर रविवारी चार वाजता तुम्ही फोन लावायचात, म्हणजे लावल्यासारखं करायचात, आणि त्याची अक्षरं एकामागून एक पडद्यावर यायची. तो बर्फाचं सांगायचा. तुम्ही त्याला फोपनारचं सांगायचात, तुमच्या माहेरच्या केळीच्या मळ्यांचं. केळफूल म्हणजे काय हे समजावण्यात तुमचे दोन रविवार गेले. घड खाली लोंबतो आणि केळी मात्र वर तोंड करून वाढतात, यावर त्याचा विश्वास बसेना. "भाऊजी, याला इंग्रजीत घड उलटा कसा करून सांगू?" असं मला विचारलंत, आणि मी म्हणालो, ज्याचं अस्तित्वच संशयास्पद आहे त्याला घड कशाला दाखवायचा? वीज गेली की तुमचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. आपल्याकडे ते नेहमीचंच. पुढच्या रविवारी त्याचा पहिला प्रश्न असायचा: लाईट आली का?

गेल्या उन्हाळ्यात, टेप किरकिरत असताना, तुम्ही म्हणालात, "माझं काही झालं तर पीटरला कळवा. नाहीतर तो बसेल लाईट येण्याची वाट बघत."

"मिलिंद कळवेल ईमेल करून."

"पीटरजवळ माझा एवढाच पत्ता आहे, माझ्याजवळ त्याचा. याच्यावरूनच कळवावं लागेल. कसं करायचं ते तुम्हाला येतं."

"बघू," मी म्हणालो.

तुम्ही गुरुवारी गेलात. शोकसभा रविवारी, चार वाजता.

शनिवारी भैय्यासाहेब तुमच्या घरी आले. मिलिंद रडून थकला होता. "काकाजी, मॅडमची ती मशीन स्टेजवर ठेवू ना. मी मॅडमच्याच हाताखाली शिकलो त्याच्यावर." मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सभेत त्यांनी मला हार दिला. "मशीनलाही घाला काकाजी, फोटो अच्छा येईल." मी घातला. मग म्हणाले, "दोन शब्द बोला." वहिनी, माझ्या दोन शब्दांची लांबी तुम्हाला माहीत आहे. मी 'ज्ञानयज्ञ' म्हणालो. 'समिधा' म्हणालो. मागच्या रांगेत कोणी कुजबुजणारं नव्हतं, त्यामुळे मला थांबवायला कोणी नव्हतं. शेवटी भैय्यासाहेबांनी माझ्या कानात काहीतरी सांगितलं आणि मी ते माईकवरून जाहीर केलं: हा संगणक आम्ही कुटुंबीय शाळेला अर्पण करीत आहोत, तो काचेच्या कपाटात कायम जतन केला जाईल. टाळ्या पडल्या, आणि या वेळी कोणी थांबवल्या नाहीत. मला त्या आवडल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना मिळालेल्या टाळ्यांवर मी हसत आलो, ते बहुधा त्या मला मिळत नव्हत्या म्हणून.

तुमच्या घरी येऊन पाणी पीत असताना माझं लक्ष तुमच्या टेबलाकडे गेलं. संगणकाची जागा रिकामी होती, चौकोनी, आजूबाजूला धूळ. टीव्ही होता, टेपरेकॉर्डर होता. आणि पाटी, भिंतीतल्या चार्जरला जोडलेली, तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ती वायफायवर होती, तयार होती. तिला ज्याच्याशी बोलायचं तो शाळेच्या स्टेजवर गळ्यात हार घालून बसला होता. आणि तिकडे कुठेतरी एक माणूस, जो खरा नाही असं मी सांगत होतो, बुरहानपूरची लाईट येण्याची वाट बघत होता.

मंगळवारी मी शाळेत गेलो. भैय्यासाहेबांनी चहा मागवला, पेपरातला फोटो दाखवला. फोटो खरंच चांगला आला आहे. माझा चेहरा अगदी भारावलेला.

"भैय्यासाहेब, मशीन परत न्यायचीय."

"काकाजी, आपणच तर अनाउन्स केलं."

"केलं. चुकलो."

"कपाटाची ऑर्डर गेली. लोकं काय बोलतील?"

"म्हणतील म्हातारा शब्दाला जागला नाही. बरोबरच म्हणतील."

ते जरा दुखावले. "काचेत काय वाईट आहे? मॅडमची आठवण राहील. धूळ नाही, पोरं हात लावणार नाहीत."

"मॅडमने तुम्हाला त्याला हात लावू दिला होता की नव्हता?"

त्यांनी पेपराची घडी घातली. मग, शाळेतल्या पोराने सांगावं तसं म्हणाले, "मीच सर्वात जास्त चुकायचो. मॅडम म्हणायच्या, मशीनला विचार कुठे चुकलं." आणि लगेच अध्यक्ष झाले: "पण कपाटात काय ठेवू? रिकामं तर ठेवू शकत नाही ना."

तेव्हा मला सुचलं. तुमच्याच घरी चहा पिऊन थोडं शहाणपण लागलं असणार. मी म्हणालो, शाली ठेवा. तुम्ही आणि तुमच्या आधीच्या अध्यक्षांनी मॅडमना घातलेल्या सगळ्या शाली आहेत, धुतलेल्या. त्यांच्यावर कोणी कधी घातल्या त्याच्या पट्ट्या लावा. भैय्यासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांच्या स्वतःच्या चार निघतील, असं ते म्हणाले. मिलिंदला फोन केला तर तो म्हणाला, "काका, आईला चालेल." पलीकडे पहिल्यांदाच हसण्यासारखा आवाज आला. या आठवड्यात तुमच्या शाली काचेत जातील, वहिनी. मला वाटतं तुम्हाला हे आवडलं असतं. निदान त्यावरची तुमची कुजबुज तरी चार रांगा पुढेपर्यंत ऐकू गेली असती.

संगणक रिक्षातून घरी आणला. मांडीवर धरून. हाराचं पाणी कळांच्या फटीतून आत गेलं होतं. 'के'च्या पुढच्या दोन-तीन कळा दाबल्या की चिकटत. मी एकेक कळ उपसून पुसली, चिमट्याने पाकळ्या काढल्या, दोन दिवस उन्हाकडे तोंड करून ठेवला. तो बंद पडला असता तर काय केलं असतं, हा विचार मी मुद्दाम केला नाही. सगळ्या गावासमोर मी त्याला मेलेला ठरवला होता. तो खरंच मेला असता तर त्याच्या दाखल्यावर माझीच सही ठरली असती.

आज रविवार. सव्वातीनला टेप लावली. ती किरकिर ऐकत बसलो, चहा टाकायला कोणी उठलं नाही. मग 'एटी' टाइप केलं. पडदा तसाच राहिला. मी पाटीकडे बघितलं, केबल दाबली, पुन्हा टाइप केलं. जरा विचार केल्यासारखं थांबून, 'ओके' उमटलं. मी खुर्चीत मागे टेकलो. त्या क्षणी माझ्यावर कोणी कॅमेरा धरला नव्हता याबद्दल देवाचे आभार. देव आहे की नाही हा आपला दुसरा वाद.

चारला फोन लावला. म्हणजे लावल्यासारखं केलं नाही, वहिनी. लावला.

फलकावर गेल्या रविवारची त्याची एकच ओळ तुमच्या नावाने पडून होती. इंग्रजीतच, तुमच्या दोघांचं सगळं असायचं तशी. लाईट आली का? त्याखाली मी लिहिलं की हा संगणक चालवणाऱ्या बाई दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, वारल्या. मी त्यांचा धाकटा दीर. उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. कारण लिहिलं नाही. झेंडूच्या हाराचा अर्थ मी त्याला इंग्रजीत कसा उलटा करून सांगणार होतो?

मग एक अक्षर, मग दुसरं. तो तुमच्याबद्दल लिहीत होता, आणि ते तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. शेवटी त्याने विचारलं, तुम्ही तेच का, ज्यांच्या मते मी खरा नाही?

तुम्ही त्याला सांगितलं होतंत तर. एवढ्या लांब, एवढ्या सावकाश, केळफुलाच्या मधेच कुठेतरी, माझी टिंगल.

माझी बोटं कळांवर नुसती टेकून राहिली. तिकडे त्याला वाटलं असेल, आपली लाईट गेली. मग मी टाइप केलं: हो, तोच. चुकलो. आणि खाली लिहिलं की मला याची सवय नाही, तेव्हा सावकाश बोला. ऐकतोय.